बाई मधोमध गाते ना?

अपूर्वा लग्न होऊन मालाडला राहायला गेली आणि मुलुंडच्या घरातली तिची छोटी खोली मोकळी झाली. तिचा बाबा देवव्रत टिपणीस याने काही दिवस कसाबसा दम धरला. मग एका रविवारी त्याने तिचा पलंग भिंतीला उभा केला, हॉलमधले आपले छातीएवढे उंच स्पीकर एकेक करून आत ओढत नेले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने खिडकीची जाळी थरथरायला लागली. डग्गा असा घुमला की त्याची आई, सुनंदाबाई, टीव्ही बंद करून वर कुणाच्या घरात काही पडलं का ते बघायला गॅलरीत गेल्या.

खोली लहान आणि स्पीकर मोठे, हे काही जमण्यातलं नव्हतं. पण हॉलमध्ये आईच्या मालिका चालायच्या आणि दार बंद करून गाणं ऐकायला स्वतःची खोली असावी, ही देवव्रतची जुनी इच्छा होती. तेव्हा मोठे स्पीकर विकून टेबलावर मावतील असे छोटे, पण उत्तम, स्पीकर घ्यायचे असं त्याने ठरवलं.

देवव्रत पवईच्या एका ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर होता. गाणं तो शिकला नव्हता, पण त्याचा कान तयार आहे असं सगळेच म्हणायचे. सोसायटीचा पाण्याचा पंप बिघडायच्या आधी तो सेक्रेटरीला जाऊन सांगायचा की पंपाचा आवाज बदललाय. ऑफिसात कुणाला टीव्हीसाठी स्पीकर घ्यायचा असला की आधी देवव्रतला विचारायचे. त्याला या गोष्टीचा अभिमान होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्याने एक रिवाज ठेवला होता. रविवारी सकाळी तो दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्यावर एक खुर्ची ठेवायचा, बायकोला, गंधालीला, तिच्यात बसवायचा आणि स्वतः खाली जमिनीवर बसायचा. दोन स्पीकर नीट जमले की गाणाऱ्याचा आवाज ना डावीकडून येतो ना उजवीकडून. तो मधल्या रिकाम्या जागेतून येतो, जणू माणूस तिथे उभा राहून गातोय. देवव्रतला ही जगातली सगळ्यात मोठी जादू वाटायची. म्हणून गाणं सुरू झालं की तो दर वेळी विचारायचा, "बाई मधोमध गाते ना?" गंधाली डोळे मिटून म्हणायची, "हो. अगदी मधोमध." लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी हे चालूच होतं.

छोट्या स्पीकरसाठी देवव्रतने इंटरनेटवर वाचून वाचून डोकं शिणवलं आणि शेवटी दोन जोड्यांवर येऊन थांबला. त्या दोन्ही साकीनाक्याला निलेश परबकडे ऐकायला मिळणार होत्या. निलेशचा तिथे एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर गाळा होता. खालच्या गाळ्यात दिवसभर ग्राइंडर चालायचा, त्यामुळे निलेशने आतली एक छोटी खोली जाड गाद्या आणि पडदे लावून बंदिस्त करून घेतली होती. येणारा माणूस तिथे बसून निवांत ऐकू शकायचा.

शनिवारी सकाळी जायचं ठरलं. गंधालीने टाळायचा प्रयत्न केला. ती भांडुपच्या एका शाळेत गणित शिकवायची. पेपर तपासायचे राहिलेत, तू एकटाच जा, म्हणाली. पण देवव्रत ऐकेना. तुझ्या कानाला पसंत पडल्याशिवाय घेणार नाही, असं म्हणून त्याने तिला बरोबर घेतलंच. तिथून पुढे मालाडला अपूर्वाकडे जेवायला जायचं होतं.

निलेशने खोली किती बाय किती आहे, भिंतीला काय लावलंय, खिडकी कुठे, सगळं विचारून घेतलं. मग पहिली जोडी लावली. या स्पीकरना पाठीमागे गोल भोक होतं. त्यातून हवा बाहेर येते आणि खालचा आवाज भरदार होतो, पण ते भिंतीपासून जरा लांब ठेवावे लागतात, असं त्याने सांगितलं. देवव्रतने बरोबर आणलेलं ठुमरीचं रेकॉर्डिंग लावायला दिलं. आधी तो स्वतः मधल्या खुर्चीत बसला आणि पाचेक मिनिटं ऐकत राहिला. मग उठून गंधालीला बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. तिने नेहमीचं उत्तर दिलं.

निलेश दुसरी जोडी लावायला लागला. हे स्पीकर चारही बाजूंनी बंद, जरा जुनाट दिसणारे, चॉकलेटी रंगाचे होते. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला म्हणून देवव्रत बाहेर पॅसेजमध्ये गेला. बोलणं लांबलं. तो परत आला तेव्हा ठुमरी सुरू झाली होती. त्याने दार ढकललं आणि दारातच त्याला काहीतरी खटकलं. सगळा आवाज उजवीकडून येत होता. डावा स्पीकर गप्प होता.

तो बोलणार, इतक्यात निलेशने गंधालीला विचारलं, "कसं वाटतंय, वहिनी?"

गंधाली डोळे मिटून बसली होती. देवव्रत मागे येऊन उभा राहिलाय हे तिला कळलं नव्हतं. ती म्हणाली, "छान आहे. मघापेक्षा छान. बाई अगदी मधोमध गाते."

निलेशने सहज अँप्लिफायरच्या मागे पाहिलं आणि जीभ चावली. डावीकडची वायर लावायचीच राहिली होती. सॉरी वहिनी, एकच वाजतोय, असं म्हणत तो हसला. देवव्रतही हसला. झोप लागली होती वाटतं तुला, म्हणत तो पुढे आला. गंधालीने नुसतं हसून दिलं असतं तरी विषय तिथेच संपला असता. देवव्रतने तशी वाटही करून दिली होती. पण ती हसली नाही. तिने त्या गप्प स्पीकरकडे पाहिलं, मग देवव्रतकडे.

"देवव्रत, मला उजव्या कानाने ऐकू येत नाही."

"सर्दी झालीय का?" तो म्हणाला.

"नाही रे. सहा वर्षांची असताना गालगुंड झालं होतं. तेव्हापासून."

निलेशने आवाज कमी केला, मग बंदच केला. मी चहा सांगून येतो, असं पुटपुटत तो बाहेर गेला आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

देवव्रत खाली वाकून ती राहिलेली वायर उचलायला गेला. का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. वायरचं टोक स्पीकरच्या मागच्या छिद्रात जाईना. दोन-तीनदा प्रयत्न करून त्याने ती वायर तशीच जमिनीवर ठेवली आणि उकिडवा बसून राहिला.

"अजिबात येत नाही?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही. आवाज ऐकू येतो मला, डाव्या कानाने येतो. कुठून येतोय ते कळत नाही. मधोमध म्हणजे काय, ते मला माहीतच नाही."

"मग तू हो का म्हणायचीस?"

"तू विचारायचास म्हणून."

ती हे चिडून म्हणाली नाही, रडूनही नाही. शाळेत एखाद्या मुलाला उत्तर समजावून सांगावं तसं म्हणाली, आणि त्यामुळे देवव्रतला ते अंगावर आल्यासारखं झालं. चहा आला. तो कुणीच प्यायला नाही. निलेशला नंतर फोन करतो असं सांगून दोघं खाली उतरली.

मालाडला जायचं त्राण देवव्रतमध्ये नव्हतं. त्याने मुलुंडला जाणारी रिक्षा थांबवली. गंधाली आधी चढली आणि सरकत सरकत उजव्या टोकाला जाऊन बसली. देवव्रत एक पाय आत टाकून तसाच थबकला. ती नेहमीच आधी चढायची आणि उजवीकडे सरकायची. तिला त्या बाजूची हवा आवडते असं तो समजत आला होता. आता त्याला दिसलं की असं बसलं की तिचा डावा कान त्याच्याकडे येतो. मग त्याला जेवणाच्या टेबलावरची तिची जागा आठवली. पलंगावर ती कुठल्या बाजूला झोपते ते आठवलं. नाटकाची तिकिटं काढताना ती उजवीकडच्या शेवटच्या खुर्च्यांचा हट्ट धरायची, तेही आठवलं. रस्त्यात ती त्याला हाताला धरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओढायची आणि तो ते प्रेम समजायचा. प्रेमही असेल. आता त्याला कशाचीच खात्री वाटेना.

"साहेब, बसा ना," रिक्षावाला म्हणाला.

पवई तलावाजवळ अपूर्वाचा फोन आला. निघालात का, पुऱ्या तळायला घेऊ का, असं ती विचारत होती. देवव्रत म्हणाला, आज येत नाही, आम्ही घरी चाललोय. तिने का म्हणून विचारलं. खोटं काही सुचेना म्हणून त्याने सरळच सांगितलं, तुझ्या आईला उजव्या कानाने ऐकू येत नाही.

मग अपूर्वा जपून म्हणाली, "बाबा, तुला माहीत नव्हतं?"

तिला पाचवीत असतानाच कळलं होतं. आईच्या उजव्या बाजूला बसून काही मागितलं की आई हो-नाही काहीच म्हणत नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने एकदा विचारलं आणि गंधालीने सांगून टाकलं. बाबाला ठाऊक असणारच, असं अपूर्वा इतकी वर्षं धरून चालली होती. घरात या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणजे न बोलण्यासारखाच विषय असेल, असं तिला वाटलं होतं. ती पुढेही काहीतरी सांगत होती, पण देवव्रतने फोन गंधालीच्या हातात दिला. तिने तो डाव्या कानाला लावला. फोन ती कायम डाव्याच कानाला लावायची, हेही त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

घरी सुनंदाबाई पेपर पसरून मटार सोलत बसल्या होत्या. गंधाली कपडे बदलायला आत गेली. देवव्रतने चपलाही काढल्या नाहीत. तो आईसमोर उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आई, गंधालीला एका कानाने ऐकूच येत नाही. मला आज कळलं."

सुनंदाबाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. "मला माहीत आहे, देवू."

देवव्रत खुर्चीत बसला.

सुनंदाबाईंना लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. एका बारशाला त्या गंधालीच्या कानात काही कुजबुजल्या, तर तिने मान फिरवून दुसरा कान पुढे केला. घरी आल्यावर त्यांनी विचारलं. तिच्या माहेरच्यांनी आपल्याला फसवलं म्हणून त्या चांगल्या दोन दिवस धुमसल्या. तिसऱ्या दिवशी गंधाली स्वतः त्यांच्यापाशी येऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं.

"मी तिला म्हटलं, आता देवूला सांग. म्हणाली, रविवारी सांगते. रविवारी तू तिला त्या खुर्चीत बसवलंस आणि खाली बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिलास. मी दारातून पाहत होते. तुझा तो चेहरा बघून तिला सांगवेना. मला तरी कुठे सांगवलं?"

देवव्रतचं इतका वेळ सुन्न असलेलं मन एकदम पेटलं. गंधाली खोलीतून बाहेर येत होती. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे सगळ्यांनी मिळून मला वेडा बनवलंत. या घरात मला एकट्यालाच ऐकू येत नव्हतं." मग तो अपूर्वाच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. दोघींपैकी कुणीच दार वाजवायला आलं नाही.

आत ते मोठे स्पीकर उभे होते. त्याने गाणं लावलं नाही. बराच वेळ तो नुसता बसून होता. रागाने सुरुवात झाली होती, पण राग टिकेना. किती रविवार झाले असतील, किती वेळा आपण विचारलं असेल, आणि किती वेळा ती हो म्हणाली असेल, याचा हिशोब तो करत राहिला. ती खोटं बोलली याचं वाईट वाटत होतं. त्याहून वाईट याचं वाटत होतं की पंपाचा बदललेला आवाज ओळखणारा माणूस शेजारी बसलेल्या बायकोला ओळखू शकला नाही.

दुपार कलल्यावर तो उठला. प्रवासात झोपताना घालायचे स्पंजचे बोळे कपाटात होते. त्यातला एक त्याने उजव्या कानात घट्ट बसवला, वरून कापूस कोंबला आणि कुणाला न सांगता खाली उतरला.

स्टेशनच्या रस्त्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याला गंमत वाटत होती. बाजार सुरू झाला आणि गंमत संपली. आवाज सगळे होते, पण ते कुठलेच नव्हते. भाजीवाल्याची हाक, बसचा हॉर्न, कुणाच्या तरी मोबाइलवरचं गाणं, सगळं एकाच जागी, डाव्या कानाशी, एकावर एक रचल्यासारखं येऊन पडत होतं. कुणीतरी "टिपणीस" म्हणून हाक मारली. तो डावीकडे वळला, मागे वळला, पुन्हा डावीकडे वळला. सोसायटीतले चंद्रप्रकाश त्याच्या उजव्या हाताला, अगदी खेटून उभे होते आणि चमकून त्याच्याकडे पाहत होते. बरं नाही का वाटत, असं त्यांनी विचारलं. देवव्रत काहीतरी बोलून पुढे सटकला.

रस्ता ओलांडताना स्कूटरचा हॉर्न वाजला. तो डावीकडून आला असं वाटून देवव्रतने उजवीकडे उडी मारली, आणि ती थेट स्कूटरच्या पुढ्यातच मारली. स्कूटरवाल्या बाईने करकचून ब्रेक दाबला. चाक त्याच्या पायाशी येऊन थांबलं. तिने त्याला दोन शब्द सुनावले, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. देवव्रत एका बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. कानातला कापूस आणि बोळा ओढून काढला तसा रस्ता एकदम पुन्हा आपल्या जागी आला. बस तिकडे, भाजीवाला इकडे. आपण फार तर अर्धा तास असे होतो, गंधाली सहा वर्षांची असल्यापासून अशी आहे. रोज भांडुपला जाते, येते. अपूर्वाला कडेवर घेऊन तिने हाच रस्ता ओलांडला होता.

तो घरी आला तेव्हा गंधाली स्वयंपाकघरात मटारची उसळ फोडणीला टाकत होती. देवव्रत तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मुद्दाम उभा राहिलाय हे तिला कळलं. तिने गॅस बारीक केला.

त्या संध्याकाळी ती बरंच बोलली. लग्न ठरण्याच्या वेळी दोन स्थळांना आधीच खरं सांगितलं होतं आणि दोन्ही स्थळं मोडली होती. तिसऱ्यांदा आईने आणि मावशीने तिला न सांगण्याची शपथ घातली. मग देवव्रत बघायला आला आणि तासभर फक्त गाण्याबद्दल बोलला. याला कळलं तर हा सगळ्यात आधी पळेल, असं तेव्हा तिला वाटलं.

शाळेचंही तिने सांगितलं. वर्गात मागून कुणी आगाऊपणा केला तर तो कुठल्या बाकावरून आला हे तिला कळायचं नाही, म्हणून तिने कधी कुणाला उभंच केलं नाही. मुलं समजतात, टिपणीस बाई फार प्रेमळ आहेत. हे सांगताना तिला हसू आलं. देवव्रतला आलं नाही.

"पहिल्यांदा हो म्हणाले ते भीतीने," ती म्हणाली. "नंतरचे सगळे सवयीने. पण खरं सांगू? मी हो म्हणायची आणि वाट बघायची. वाटायचं, याचा कान एवढा तयार आहे, तर माझं खोटं याला कधीतरी ऐकू येईल. कधी आलंच नाही रे तुला."

उसळ करपायला लागली तेव्हा देवव्रतनेच गॅस बंद केला.

पुढचे काही दिवस वाईट गेले. भांडण नव्हतं, पण देवव्रतचा भरवसा मुळापासून हलला होता. तिने भाजी चांगली झालीय म्हटलं तरी तो तिच्याकडे बघत राहायचा. मामेभावाकडे जायला आवडेल म्हणाली, तर खरंच आवडेल ना, असं दोनदा विचारायचा. एकदा तिने वैतागून सांगितलं, की विचारत राहा, पण आता मी जे सांगेन ते खरंच असेल, तुला झेपत असेल तर विचार.

दोघं कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आली. तपासणीचा आलेख डॉक्टरांनी समोर धरला. डाव्या कानाची रेघ वर होती, उजव्याची अगदी तळाशी. नस गेलेली आहे, ती आता परत येणार नाही, असं ते म्हणाले. उजवीकडचा आवाज डाव्या कानात आणून सोडणारं एक यंत्र असतं, ते त्यांनी तिला लावून पाहिलं. तिने ते क्लिनिकमध्येच काढून ठेवलं. सगळीकडून नुसता खडखडाट येतो, मी आहे तीच बरी, म्हणाली. देवव्रतला तिला आग्रह करायचा होता. या वेळी त्याने तोंड बंद ठेवलं.

मग एका शनिवारी गंधालीच म्हणाली, की स्पीकर बघायला कधी जायचं? देवव्रतने तो विषय सोडूनच दिला होता. आता कशाला, तो म्हणाला. तेव्हा ती म्हणाली, की बहिरी एका कानाने आहे, दोन्ही कानांनी नाही, आणि त्या खोलीत मीही बसणार आहे.

निलेश त्यांना बघून जरा बावचळला. पण गंधालीने आत जाताच खुर्ची आडवी फिरवली, डावा कान स्पीकरकडे येईल अशी, आणि म्हणाली, "आज दोन्ही वायरी लावा हं, निलेश." तेव्हा तोही हसला आणि सैलावला. दोन्ही जोड्या आलटून पालटून लावल्या. देवव्रतचं मन अजून पहिल्या जोडीवर होतं. तिच्यात गाणारी बाई समोर उभी असल्यासारखी वाटायची. त्याने गंधालीला कसं वाटतं ते विचारलं, आणि नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता तो गिळला.

"पहिल्यात डग्गा शब्दांवर चढतो," ती म्हणाली. "'स' आणि 'श' मध्ये फरकच राहत नाही. तानेच्या शेवटी ती श्वास घेते ना, तो दुसऱ्यात ऐकू येतो, पहिल्यात नाही. आणि आपल्या खोलीत हे भिंतीला चिकटूनच ठेवावे लागणार. तिथे पहिल्याचा डग्गा आणखी फुगेल."

देवव्रत तिच्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं बरोबर बसून त्याने तिच्याकडून एका प्रश्नाचं एकच उत्तर घेतलं होतं. दुसरं काही विचारलंच नव्हतं. समोरचा काय बोलला हे कळण्यासाठी जिला रोज जीव लावून ऐकावं लागतं, ती गाणंही तसंच ऐकत असणार, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. निलेशनेही मान डोलावली. छोट्या खोलीत बंद पेटीचेच बरे पडतात, मी तेच सांगणार होतो, म्हणाला. देवव्रतने ते श्वासाचं पुन्हा एकदा लावायला सांगितलं. श्वास होता. पहिल्या जोडीवर त्याने पुन्हा शोधला, आणि तो सापडला नाही.

चॉकलेटी स्पीकर घरी आले. खोलीत एक खुर्ची समोर ठेवली, एक दाराशी आडवी. रविवारी सकाळी दोघं बसली. सुनंदाबाई पोह्यांच्या बशा देऊन गेल्या. देवव्रतने नवीन स्पीकरवर पहिलं काय लावायचं याचा विचारही केला नाही. ज्या गायिकेने लग्नानंतरच्या पहिल्या रविवारपासून त्यांच्या घरात गायलं होतं, तिचीच ठुमरी लावली. आवाज लख्ख आला. खिडकीची जाळी हलली नाही. त्याने डोळे मिटले.

थोड्या वेळाने गंधाली म्हणाली, "हे बंद कर ना."

त्याने डोळे उघडले. "का? खूप मोठं आहे का?"

"नाही. मला ही बाई आवडत नाही. कधीच आवडली नाही. सारखी रडते रे ती."

देवव्रतचा हात पोह्यांच्या बशीवरच राहिला. साकीनाक्याला बसला होता त्याहून हा धक्का काही कमी नव्हता. त्याने उठून गाणं थांबवलं. बाहेर टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी घरातून निघून जायला सांगत होतं.

"मग काय लावू?" त्याने विचारलं.

गंधालीला पटकन सांगता येईना. ती दाराकडे बघत विचार करत राहिली, आणि ती किती वेळ विचार करतेय हे पाहून देवव्रतला कळलं की हा प्रश्न तिला या घरात आजवर कुणी विचारलेलाच नाही.

"लावणी," ती शेवटी म्हणाली. "बैठकीची नको. फडावरची, ढोलकीची. मोठ्याने."

देवव्रतच्या कपाटात भिंतभर रेकॉर्डिंग होती. त्यात लावणी एकही नव्हती. त्याने मोबाइल काढला, चष्मा लावला, आणि कुठली चांगली असते ते तिलाच विचारत शोधायला लागला. गंधाली उठून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि खांद्यावरून वाकून स्क्रीनवर बोट ठेवत म्हणाली, ही नको, ही पण नको, खाली जा, अजून खाली.